पत्रोत्तर कसें लिहावें? (स्पॅनिश भाषेच्या परीक्षार्थींसाठीं)



आमच्या शाळेंतून बाहेर पडलेलीं कांहीं मुलें सध्यां स्पॅनिश भाषेचा अभ्यास करीत आहेत, हें ऐकून पुष्कळ पालकांस नवल वाटतें. कर्जतकडे भातशेती करणाऱ्या किंवा खोपोलीच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्या एखाद्या गृहस्थानें, "ही भाषा आमच्या मुलाच्या काय उपयोगाची?" असें विचारलें, तर त्यांत गैर कांहींच नाहीं. आमचें उत्तर थोडक्यांत असें: स्पॅनिश ही स्पेन, मेक्सिको, पेरू, चिली, आर्जेन्टिना इत्यादि सुमारें २० देशांच्या राज्यकारभाराची भाषा आहे, ती मातृभाषा म्हणून बोलणारांची संख्या ५० कोटींच्या घरांत आहे, आणि प्रवासी-व्यवसाय, भाषांतर, परदेशांशीं चालणारा पत्रव्यवहार अशा कामांत ती जाणणारास मागणी असते.

मात्र भाषा येते असें नुसतें म्हणून भागत नाहीं. तिचें प्रमाणपत्र लागतें, व त्यासाठीं परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेंत आमच्या मुलांना जो भाग जड जातो, तो म्हणजे एखाद्या अनोळखी व्यक्तीच्या ई-मेलला औपचारिक उत्तर लिहिणें. या लेखांत त्याच एका गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

परीक्षेचें स्वरूप

स्पॅनिश भाषेच्या ज्ञानाबद्दल स्पेनच्या शिक्षण खात्याच्या वतीनें जीं प्रमाणपत्रें दिलीं जातात, त्यांस 'देले' असें संक्षिप्त नांव आहे. १९९१ सालीं स्थापन झालेली 'इन्स्तितुतो सेर्वान्तेस' ही संस्था या परीक्षा घेते. 'दोन किखोते' या जगप्रसिद्ध कादंबरीच्या कर्त्याचें नांव तिला दिलेलें असून तिचें एक केंद्र नवी दिल्ली येथें आहे. युरोप परिषदेनें २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या भाषाविषयक योजनेप्रमाणें या परीक्षांच्या सहा पायऱ्या आहेत: ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२. ११ ते १७ वर्षे वयाच्या शाळकरी मुलांसाठीं खालच्या पायऱ्यांच्या वेगळ्या परीक्षाहि आहेत.

यांपैकीं तिसऱ्या पायरीचा, म्हणजे बी-१ चा, येथें विचार करूं. तिच्या लेखनाच्या भागास एक तास मिळतो व त्यांत दोन कामें असतात. पहिल्या कामांत एक लहानसें पत्र किंवा ई-मेल दिलेला असतो. तो वाचून १०० ते १२० शब्दांत उत्तर लिहावयाचें असतें. उत्तरांत कोणकोणत्या गोष्टी आल्या पाहिजेत, हेंहि प्रश्नाखालीं ओळीनें सांगितलेलें असतें. वाचन, लेखन, श्रवण व संभाषण या चार भागांस प्रत्येकीं २५ गुण आहेत. वाचन व लेखन यांचा एक गट, श्रवण व संभाषण यांचा दुसरा. आणि प्रत्येक गटांत ५० पैकीं निदान ३० गुण मिळाल्याशिवाय उमेदवार उत्तीर्ण होत नाहीं. वाचन आणि लेखन हीं एकाच तराजूंत घातलीं आहेत, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पत्रोत्तराचें सारें मर्म तिच्यांत आहे. ज्यास आलेलें पत्र नीट वाचतां येत नाहीं, त्यास त्याचें उत्तर लिहितां येत नाहीं.

लेखन तपासतांना परीक्षक चार गोष्टी पाहतात: पत्र पत्रासारखें आहे किंवा नाहीं, त्यांतील विचार एकमेकांस धरून आहेत किंवा नाहींत, व्याकरण व शुद्धलेखन बरोबर आहे किंवा नाहीं, आणि लिहिणाराच्या भाषेचा आवांका किती आहे. यांपैकीं तिसऱ्या गोष्टीकडे मुलें सगळें लक्ष देतात आणि पहिल्या दोहोंकडे दुर्लक्ष करतात.

एका उत्तराची हकीकत

हें कसें घडतें तें एका उदाहरणानें सांगतों. आमचा एक माजी विद्यार्थी चौकच्या बाजूस राहणारा. तो बी-१ परीक्षेची तयारी करीत असतां सरावासाठीं आम्हीं त्यास एक प्रश्न घालून दिला. प्रश्न असा: स्पेनमधील एका गिर्यारोहण मंडळाच्या चिटणीस बाईंनीं ४ मे रोजीं तुम्हांस ई-मेल पाठविला आहे. मंडळाचे सभासद जुलै महिन्यांत मुंबईस येणार आहेत. बाईंना चार गोष्टी हव्या आहेत. मुंबईहून माथेरानकडे कसें यावें? भाड्याची मोटार माथेरानच्या वस्तीपर्यंत नेतां येईल काय? जुलैंत इर्शाळगड चढतां येईल काय? आणि या भागांत फिरण्यास कोणते महिने चांगले, तें कळल्यास बरें होईल.

त्या विद्यार्थ्याचें उत्तर दिसण्यांत सुबक होतें. आरंभीं आभार, शेवटीं आदर, मधें स्वागताचीं वाक्यें. व्याकरणाच्या चुका अवघ्या दोन. परंतु मोटारीविषयीं त्यांत एक अक्षर नव्हतें, महिन्यांविषयीं नव्हतें, आणि इर्शाळगडाविषयीं त्यानें लिहिलें होतें: होय, अवश्य या, आम्हांस मोठा आनंद होईल.

इर्शाळगड आमच्याच खालापूर तालुक्यांत आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं मुसळधार पावसांत तेथील दरड कोसळली व गडाच्या अंगावरील इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती गाडली गेली. २७ जणांचीं प्रेतें हातीं लागलीं. ५७ जण बेपत्ता राहिले, आणि अखेर शोधकार्य थांबवावें लागलें. गिर्यारोहक गडाकडे जात ते याच वाडीवरून. ही गोष्ट ठाऊक नाहीं असें घर आमच्या भागांत सांपडणार नाहीं.

आम्हीं त्यास विचारलें, "अरे, जुलैंत इर्शाळगडावर 'अवश्य या' असें तूं कसें लिहिलेंस?"

तो म्हणाला, "सर, परीक्षेंत खरेंखोटें कोण पाहतो? भाषा शुद्ध असली म्हणजे झालें."

"बरें, तुझ्या पुण्याच्या मामेभावानें हेंच विचारलें असतें तर?"

"नको येऊंस, म्हणून लिहिलें असतें."

"मग तेंच स्पॅनिशमध्यें लिही."

तो लेखणी घेऊन बसला, आणि बराच वेळ नुसता बसून राहिला. तेव्हां असें उघडकीस आलें कीं, 'होय' म्हणण्याचीं सात-आठ वाक्यें त्यास पाठ होतीं, परंतु सभ्यपणें 'नाहीं' म्हणण्याचें एकहि येत नव्हतें. त्याचें उत्तर खोटें झालें तें लबाडीमुळें नव्हे. जें वाक्य येत होतें तें त्यानें लिहिलें. जें खरें होतें तें त्यास लिहितां येईना. परभाषा शिकणाऱ्या पुष्कळांची हीच गत होते. म्हणून पुढील सूचना आम्हीं त्याच्याच उत्तराच्या आधारें मांडल्या आहेत.

प्रश्न मोजावे

लेखणी उचलण्यापूर्वीं आलेलें पत्र दोन वेळां वाचावें. दुसऱ्या वाचनांत प्रत्येक प्रश्नावर १, २, ३, ४ असे अंक घालावे. स्पॅनिशमध्यें प्रश्न ओळखणें सोपें आहे, कारण प्रश्नाच्या शेवटीं चिन्ह असतेंच, पण आरंभींहि एक उलटें प्रश्नचिन्ह घालतात. ही पद्धति स्पॅनिश अकादमीनें १७५४ सालीं सुरू केली. तरी कांहीं प्रश्न चिन्हावांचून येतात. 'कोणते महिने चांगले तें कळल्यास बरें होईल' या वाक्यांत चिन्ह नाहीं, पण प्रश्न आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या हातून तो निसटला याचें कारण हेंच.

उत्तर लिहून झालें म्हणजे प्रत्येक अंकासमोर आपलें वाक्य आहे कीं नाहीं तें पाहावें. एखाद्या प्रश्नाचें उत्तर ठाऊक नसेल तर 'याविषयीं चौकशी करून कळवितों' असें लिहावें; पण प्रश्न गिळूं नये. तसेंच, न विचारलेलें सांगण्याचा मोह आवरावा. आमच्या विद्यार्थ्यानें नेरळहून माथेरानला जाणाऱ्या छोट्या आगगाडीचें दोन ओळींत वर्णन केलें होतें. ती गाडी १९०७ पासूनची आहे व आम्हां सर्वांस तिचा अभिमान आहे. परंतु पावसाळ्यांत नेरळ ते अमन लॉज हा तिचा मार्ग बंद असतो. जुलैंत येणाऱ्या पाहुण्यांस तिचें वर्णन काय कामाचें? त्या दोन ओळींत मोटारीच्या प्रश्नाचें उत्तर बसलें असतें.

मायना

आपल्या भाषेंत पत्राच्या मायन्याचें शास्त्र जुनें आहे. हेमाडपंताच्या नांवावर सांगितल्या जाणाऱ्या 'मेस्तका'पासून, कोणास कोणत्या शब्दांनीं लिहावें याचे संकेत चालत आले आहेत. आपल्या आजोबांच्या पिढीनें 'सा. न. वि. वि.' लिहून, 'पत्रास कारण कीं' म्हणून विषयास हात घातला आणि 'कळावें, लोभ असावा' म्हणून पत्र संपविलें. आजच्या शालान्त परीक्षेंतील मराठी पत्रांत 'प्रति', 'विषय', 'महोदय' आणि शेवटीं पत्ता व ई-मेल असा साचा असतो. सांचे बदलले तरी संबोधन, कारण आणि निरोप हे तीन अवयव कायम आहेत. स्पॅनिश पत्राचे अवयव तेच.

पुढें दिलेले स्पॅनिश शब्द उच्चाराच्या सोईसाठीं देवनागरींत लिहिले आहेत. परीक्षेंत अर्थातच रोमन लिपि वापरावयाची. ज्या ठिकाणीं आम्हीं 'स' लिहिला आहे त्यांपैकीं कांहीं ठिकाणीं स्पेनमध्यें बहुतेक लोक 'थ' सारखा उच्चार करतात, व अमेरिका खंडांत 'स' म्हणतात. दोन्ही उच्चार शिष्टसंमत आहेत.

संबोधन: पुरुषास 'एस्तिमादो सेन्योर', स्त्रीस 'एस्तिमादा सेन्योरा', संस्थेस किंवा अनेकांस 'एस्तिमादोस सेन्योरेस'. हे आपल्या 'महोदय', 'महोदया' या शब्दांच्या तोडीचे आहेत. यांपुढें स्वल्पविराम देऊं नये. एकाखालीं एक अशीं दोन टिंबें द्यावीं. 'केरिदो' म्हणजे 'प्रिय', आणि 'ओला' हा मित्रांचा नमस्कार. हे दोन्ही शब्द अनोळखी माणसास लिहूं नयेत. आणखी एक गोष्ट. स्पॅनिश माणसाच्या नांवापुढें बहुधा दोन आडनांवें असतात, पहिलें वडिलांचें व दुसरें आईचें. आपल्याकडे आडनांव शेवटीं येतें म्हणून आपलीं मुलें शेवटचा शब्द उचलून मायन्यांत घालतात. तसें न करतां दोहोंपैकीं पहिलें आडनांव घ्यावें.

कारण: 'ले एस्क्रीबो एन रेस्पुएस्ता आ सु कोर्रेओ', म्हणजे 'आपल्या पत्राच्या उत्तरादाखल लिहीत आहें'. हेंच त्यांचें 'पत्रास कारण कीं'.

निरोप: 'केदो आ ला एस्पेरा दे सु रेस्पुएस्ता', म्हणजे 'आपल्या उत्तराची वाट पाहात आहें'; आणि त्याखालीं 'आतेन्तामेन्ते', म्हणजे 'आपला नम्र'. थोडा अधिक जिव्हाळा दाखवावयाचा असेल तर 'रेसीबा उन कोर्दिआल सालुदो', म्हणजे 'मनःपूर्वक नमस्काराचा स्वीकार व्हावा', असें लिहावें.

'तूं' आणि 'आपण'

स्पॅनिशमध्यें 'तू' हा शब्द आहे, व त्याचा अर्थहि तूंच. आदरार्थीं 'उस्तेद' हा शब्द येतो. त्याची उत्पत्ति मोठी मनोरंजक आहे. 'बुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा', या जुन्या संबोधनाचा उच्चार झिजत झिजत 'उस्तेद' झाला. मूळ अर्थ 'आपली कृपा' असल्यामुळें त्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषाचें येतें. इंग्रजी शिकलेल्या मुलांस हें विचित्र वाटतें, पण मराठी कानास वाटण्याचें कारण नाहीं. 'साहेब उद्यां येणार आहेत काय?' असें आपण खुद्द साहेबांच्या तोंडावर विचारतों. 'बाईंनीं सांगितलें तर बसतों' असें बाईंसमोरच म्हणतों. 'उस्तेद' हा त्याच जातीचा विनय आहे.

चूक होते ती अशी. मायना आदराचा, पहिलें वाक्य आदराचें, आणि चौथ्या वाक्यास पोहोंचेपर्यंत मूल 'तू' वर येतें, कारण पाठ्यपुस्तकांतील पहिले धडे मित्रांच्या संभाषणाचे असतात. 'महोदया, आपलें पत्र पोहोंचलें. तुझी वाट पाहतों,' असें मराठींत कोणी लिहिलें तर आपण हंसूं. परीक्षकहि तसेच हंसतात, व गुण कापतात. यास उपाय सोपा आहे. लिहून झाल्यावर 'ते', 'तु', 'ती' हे लहान शब्द उत्तरांत कोठें शिरले आहेत काय, एवढेंच एकदां शोधावें. औपचारिक पत्रांत त्यांच्या जागीं 'ले', 'सु', 'उस्तेद' आणि अनेकांविषयीं 'लेस', 'उस्तेदेस' असले पाहिजेत.

नकार कसा द्यावा

आतां आमच्या विद्यार्थ्यास जें येत नव्हतें त्याकडे वळूं. सभ्य नकाराचे तीन भाग असतात: खेद, कारण आणि पर्याय.

खेदासाठीं 'सिएन्तो देसिर्ले के', म्हणजे 'आपणांस सांगतांना वाईट वाटतें कीं', हें वाक्य पाठ असावें. त्यापुढें 'नो लेस आकोन्सेखो', म्हणजे 'मी आपणांस सल्ला देणार नाहीं', असें स्पष्ट म्हणावें. येथें गुळमुळीतपणा करूं नये. 'पाऊस थोडा असतो, पण या' असें लिहिणें हें सौजन्य नव्हे. हजारों मैलांवरून येणाऱ्या माणसास आमचा डोंगर ठाऊक नाहीं. तो आमच्या शब्दावर विसंबणार आहे.

कारण एका-दोन वाक्यांत द्यावें, व तें शक्य तितकें निश्चित असावें. 'तेथें धोका आहे' यापेक्षां काय घडलें व केव्हां घडलें हें सांगितल्यानें वाचणाराची खात्री पटते.

पर्याय देतांना स्पॅनिशमध्यें क्रियापदाचें एक निराळें रूप लागतें, आणि तेथें भलेभले विद्यार्थी अडखळतात. 'बिएनेन' म्हणजे 'ते येतात'. 'बेन्गान' म्हणजे 'त्यांनीं यावें'. 'मी शिफारस करतों कीं' या शब्दांनंतर दुसरें रूप आलें पाहिजे. इंग्रजीच्या वाटेनें गेल्यास हा नियम घोकावा लागतो. मराठीच्या वाटेनें गेल्यास तो आपोआप कळतो, कारण आपणहि 'आपण यावें अशी शिफारस करतों' असेंच म्हणतों, 'आपण येतां अशी शिफारस करतों' असें म्हणत नाहीं. जेथें मराठींत 'यावें, करावें, पाहावें' येईल, तेथें स्पॅनिशमध्यें बहुधा हें निराळें रूप येतें, एवढी खूण पुरे आहे.

उत्तराचा नमुना

पुन्हा बसून, शब्दकोश पाहून व दोन वेळां खोडून त्या विद्यार्थ्यानें जें उत्तर तयार केलें, तें किंचित् सुधारून येथें देत आहों. मूळ स्पॅनिशमध्यें त्याचे सुमारें ११५ शब्द होतात.

"एस्तिमादा सेन्योरा:

ले आग्रादेस्को मुचो सु कोर्रेओ देल कुआत्रो दे मायो इ सु इन्तेरेस पोर नुएस्त्रा कोमार्का. कोन मुचो गुस्तो रेस्पोन्दो आ सुस प्रेगुन्तास.

देस्दे मुंबई पुएदेन बेनिर एन त्रेन आस्ता नेरळ. एल बियाखे दुरा उनास दोस ओरास. आ माथेरान नो पुएदेन सुबिर कोचेस: आइ के देखार्लोस एन दस्तुरी इ सेगिर आ पिए ओ आ काबायो.

एन कुआन्तो आ इर्शाळगड, सिएन्तो देसिर्ले के नो लेस आकोन्सेखो सुबिर एन खुलियो. एन एसे मेस युएबे मुचीसिमो इ लास लादेरास सोन पेलिग्रोसास. एन खुलियो दे दोस मिल बेइन्तित्रेस उना आल्देआ केदो सेपुल्तादा आयी पोर उन कोर्रिमिएन्तो दे तिएर्रा. लेस रेकोमिएन्दो के बेन्गान एन्त्रे नोबिएम्ब्रे इ फेब्रेरो.

पोद्रीआ देसिर्मे कुआन्तास पेर्सोनास बेन्द्रान?

केदो आ ला एस्पेरा दे सु रेस्पुएस्ता.

आतेन्तामेन्ते,"

याचा मराठी अर्थ असा:

"महोदया, आपल्या ४ मेच्या पत्राबद्दल व आमच्या भागाविषयीं आपण दाखविलेल्या आस्थेबद्दल मी फार आभारी आहें. आपल्या प्रश्नांचीं उत्तरें आनंदानें देतों. मुंबईहून आपणांस आगगाडीनें नेरळपर्यंत येतां येईल. प्रवासास सुमारें दोन तास लागतात. माथेरानच्या वस्तींत मोटारी जाऊं शकत नाहींत. त्या दस्तुरी येथें ठेवून पुढें पायीं किंवा घोड्यावरून जावें लागतें. इर्शाळगडाविषयीं सांगतांना वाईट वाटतें कीं, जुलैंत तेथें चढण्याचा सल्ला मी आपणांस देणार नाहीं. त्या महिन्यांत अतिशय पाऊस पडतो व डोंगराचे उतार धोक्याचे असतात. जुलै २०२३ मध्यें तेथें दरड कोसळून एक वाडी गाडली गेली. आपण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळांत यावें अशी शिफारस करतों. किती मंडळी येणार हें कळवूं शकाल काय? आपल्या उत्तराची वाट पाहात आहें. आपला नम्र,"

चारहि प्रश्नांचीं उत्तरें यांत आलीं आहेत. शेवटीं विद्यार्थ्यानें स्वतः एक प्रश्न विचारला आहे, तो शोभेसाठीं नव्हे. किती माणसें येणार हें कळल्यावांचून पुढची व्यवस्था सांगतां येत नाहीं, म्हणून तो विचारला. उत्तरांत असा एखादा खरा प्रश्न असला म्हणजे पत्रव्यवहार पुढें चालतो, आणि आपण समोरच्याचें पत्र मनापासून वाचलें हेंहि दिसतें.

पुनर्वाचन

साठ मिनिटांपैकीं या कामास पंचवीस मिनिटें द्यावीं: पांच वाचनास, पंधरा लिहिण्यास, पांच तपासण्यास. शेवटचीं पांच मिनिटें मुलें सोडून देतात, आणि तेथेंच घात होतो. स्पॅनिशमध्यें अक्षरावरील लहानशा रेघेनें अर्थ बदलतो, जसा आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घानें 'दिन' चा 'दीन' होतो. 'सी' या शब्दावर रेघ असेल तर अर्थ 'होय', नसेल तर 'जर'. होकारासारखी गोष्ट एका रेघेवर लटकत असेल, तर ती रेघ दोनदां पाहणें बरें.

या बाबतींत एक जुनें उदाहरण सांगण्याजोगें आहे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस हे स्पेनचे. डिसेंबर १५४२ मध्यें त्यांनीं आपले सहकारी पीटर फेबर यांस पत्रलेखनाविषयींच एक पत्र लिहिलें. मुख्य पत्र एकदां लिहावें, वाचून सुधारावें, आणि मग पुन्हा नवें लिहून काढावें, असा त्याचा आशय होता. कारण बोललेलें विरून जातें, परंतु लिहिलेलें राहतें व साक्ष देतें. त्याच वर्षीं ६ मे रोजीं संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले होते. गोवा आणि रोम यांच्यामधील पत्रास तेव्हां महिनेच्या महिने लागत. २८ जून १५५३ रोजीं इग्नेशियस यांनीं झेवियर यांस युरोपांत परत बोलावण्याचें पत्र लिहिलें. परंतु झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजींच चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर निवर्तले होते, व ती वार्ता अजून रोमला पोहोंचली नव्हती. त्या पत्राचें उत्तर येणें शक्यच नव्हतें. आज आमचें पत्र कर्जतहून स्पेनला क्षणांत पोहोंचतें. वेळ वांचला तो नीट वाचण्यास व पुन्हा लिहिण्यास वापरावा, घाईस नव्हे.

पालकांस विनंति

आपणांस स्पॅनिश येत नसलें तरी या अभ्यासांत आपण मुलांस मदत करूं शकतां. संध्याकाळीं मुलास जवळ बसवून विचारावें, "पत्रांत तुला काय काय विचारलें आहे?" त्यानें एकेक प्रश्न मराठींत सांगावा व आपण एकेक बोट उघडावें. मग विचारावें, "तूं काय उत्तर दिलेंस?" एकेक उत्तर ऐकून बोट मिटावें. एखादें बोट उघडें राहिलें तर उत्तर अपुरें आहे. आणि एखादें उत्तर ऐकून 'असें तूं आपल्या पाहुण्यांस सांगितलें असतेंस काय?' अशी शंका आली, तर तीहि बोलून दाखवावी. ज्यांनीं जन्मभर या डोंगरांतला पाऊस पाहिला आहे, त्यांच्याइतका त्या विषयाचा परीक्षक दुसरा कोण?

प्रभु येशूनें डोंगरावरील प्रवचनांत होकार आणि नकार यांविषयीं जी शिकवण दिली, ती आमच्या शाळेंत लहान वर्गापासून सांगितली जाते. ती केवळ मातृभाषेपुरती आहे असें समजूं नये. ज्या भाषेंत आपण 'होय' म्हणावयास शिकलों, तींत 'नाहीं' म्हणावयासहि शिकलें पाहिजे. नाहीं तर त्या भाषेंतील आपल्या 'होय'ला किंमत राहत नाहीं.

आमच्या त्या विद्यार्थ्यास प्रत्यक्ष परीक्षेंत निराळेंच पत्र आलें. त्यांत डोंगर नव्हता, पाऊस नव्हता व नकार देण्याचेंहि काम नव्हतें. परंतु घरीं जातांना तो वाटेंत शाळेवर येऊन म्हणाला, "सर, प्रश्न पांच होते. पांचवा चिन्हावांचूनचा होता, तो सांपडला."